एकट्याने ओळखलेली पत

"अधिवेशनाला जाऊन उधारी वसूल होत नाही."

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बसणाऱ्या आमच्या मंडळींत गेल्या महिन्यात हे वाक्य उच्चारले गेले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. निमित्त होते शेजारच्या एका तरुणाचे. शेतीची औषधे बनवणाऱ्या एका कंपनीत तो कोकणातली उधारी सांभाळतो. कोणत्या दुकानदाराला किती रकमेपर्यंत माल द्यायचा, किती दिवसांनी पैशासाठी मागे लागायचे, कुठे हात आखडता घ्यायचा, हे तो ठरवतो. हेच काम करणाऱ्यांचे दोन दिवसांचे अधिवेशन पुण्यात भरणार आहे. जावे की नाही, असे तो विचारत होता. मी हे काम एकोणतीस वर्षे केले आहे. डोलणाऱ्या मानांत माझी मान नव्हती, पण तिथल्या वाऱ्यात चार वाक्यांत उत्तर देणेही जमले नाही. ते इथे सविस्तर देतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी. पत ही माणसाची असते, आणि माणूस शेजारी राहून कळतो. त्याचा बाप व्यवहाराला कसा होता, घरात कोणाचे चालते, हप्ता चुकला की तो समोरून येतो की गल्ली बदलतो, हे ज्याला ठाऊक त्यालाच उधारी देता येते. पुण्याच्या सभागृहात बसून राजापूरच्या दुकानदाराची पत कशी कळणार? ज्याला माणसे ठाऊक नाहीत त्याच्यासाठी आता सिबिलचा पतगुणांक आहे. कायदा मोबाइलवर वाचता येतो. मग अधिवेशनात उरते काय? जेवण, पिशवी आणि फोटो.

हे म्हणणे अडाणीपणाचे नाही. त्याच्या पाठीशी मोठा अर्थशास्त्रज्ञ उभा करता येतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात भारतातल्या गावच्या सावकाराचाही विचार आहे. शहरातून स्वस्त व्याजाने पैसा आणून गावात महाग व्याजाने लावू पाहणारा उपरा का फसतो? कारण कोण फेडणारा आणि कोण बुडवणारा हे सावकाराला माहीत असते, उपऱ्याला नसते. त्यामुळे त्याच्या वाट्याला नेमकी बुडवणारीच कुळे येतात. म्हणजे जेटीवरचा आक्षेप आणि नोबेल मिळवणारा विद्वान इथवर एकाच बाजूला आहेत. इथवर मीही त्यांच्याबरोबर आहे.

चूक आहे ती पुढच्या पायरीवर. उधारी बुडते ती माणूस ओळखण्यात चूक झाल्यामुळे, असे या सगळ्या युक्तिवादात गृहीत धरले आहे. माझा अनुभव तसा नाही. लबाड माणसाने बुडवलेली खाती माझ्या एकोणतीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी खाती बुडाली ती सरळ माणसांची.

रत्नागिरीचे पैशाचे वर्ष कसे फिरते ते बघा. हापूसच्या कलमांना मोहोर फुटू लागला की तुडतुडा आणि भुरीसाठी फवारणी सुरू होते. हंगाम संपेपर्यंत पाच-सहा फवारण्या होतात. औषध उचलले जाते नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पैसे येतात वाशीच्या बाजारातून विक्रीच्या हिशोबाची पट्टी आल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, कधी जूनमध्ये. त्याच पट्टीवर दलालाने दिलेली उचल फिटायची असते. पेट्यांचे पैसे, राखण्याची मजुरी, बागेच्या कराराची उरलेली रक्कम, पतसंस्थेचा हप्ता, सगळे त्याच पट्टीवर. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराचे गणितही याच जातीचे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरण्याआधीच जाळी, डिझेल, बर्फ आणि खलाशांची उचल यांचा खर्च झालेला. जो तो आपापल्या वहीत एक नाव आणि एक रक्कम लिहितो. पण फेडण्याचा झरा सगळ्या वह्यांना मिळून एकच.

मे 2021 च्या मध्यावर तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गेले. झाडावर उरलेला आंबा खाली आला. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या एका जुन्या दुकानदाराने हात वर केले. मी त्याला वीस वर्षे ओळखत होतो. माणूस सचोटीचा होता, आजही आहे. त्याच्या देण्यांचा हिशोब मांडायला आम्ही बसलो तेव्हा आमच्याशिवाय आणखी पाच कंपन्यांची माणसे त्याच्या पडवीत भेटली. आम्ही सहाही जण वर्षानुवर्षे त्याच दुकानात जात होतो, वेगवेगळ्या वारी. आपण याचे मुख्य पुरवठादार, या समजुतीने प्रत्येकाने मर्यादा ठरवलेली. प्रत्येकाची मर्यादा वेगळी पाहिली तर रास्तच होती. सहांची बेरीज मात्र इतकी होत होती की तेवढा माल त्या दुकानातून चांगल्या वर्षीही खपला नसता. माणूस सहा जणांनी अचूक ओळखला होता. बेरीज एकानेही केली नव्हती.

ही बेरीज पतमापनाच्या गुणांकात सापडेल, ही दुसरी समजूत. 2005 च्या कायद्याने पतमाहिती कंपन्यांना जी माहिती मिळते ती बँका, वित्तकंपन्या यांसारख्या कर्ज देणाऱ्या संस्थांकडून. औषधाच्या दुकानदाराने बागायतदाराला दिलेली उधारी किंवा कंपनीने दुकानदाराकडे सोडलेले येणे सहसा त्यात उतरत नाही. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. अडचणीतला माणूस आधी बँकेचा हप्ता भरतो, कारण तिथे तारण आहे, नोटीस आहे. तो हप्ता भरायला पैसा येतो कुठून? पुरवठादाराचे पैसे थकवून. म्हणजे आपली थकबाकी वाढत जाते तेव्हाच त्याचा बँकेतला गुणांक चांगला दिसत असतो. त्या पडवीतल्या दुकानदाराचा हप्ता शेवटपर्यंत चुकला नव्हता.

"पण रत्नागिरी केवढी! इथे कोणाचे काय चालले आहे हे सगळ्यांना ठाऊक असते." मला सगळ्यात जास्त वेळ हा आक्षेप खोडण्यात घालवावासा वाटतो, कारण तो वरवर अगदी खरा दिसतो. लग्न कुठे ठरले, कोणाचा मुलगा दुबईला गेला, कोणी कलमांची बाग विकायला काढली, हे ठाऊक असते. वहीतले ठाऊक नसते. आपल्या गावात "अमक्याकडे माझे इतके अडकले आहेत" असे उघड बोलणे म्हणजे त्याच्या अब्रूला हात घालणे. शिवाय बोलणारा स्वतःही उघडा पडतो, याला वसुली जमत नाही म्हणून. ही मर्यादा मला चांगली वाटते, ती मोडावी असे मी म्हणणार नाही. पण तिचा परिणाम असा की जवळिकीतच माहिती अडते. परगावी, आपल्याच धंद्याच्या माणसांत, तोच विषय कोणाच्या घरचा राहत नाही, कामाचा होतो. तिथे माणूस सांगतो की आमची मुदत नव्वद दिवसांवरून दीडशेवर कशी सरकली, मर्यादा वाढवून देण्याचा आग्रह कोणत्या महिन्यात होतो, मालाच्या परतीचे प्रमाण वाढले की पुढे काय ठरलेले असते. त्या पडवीत योगायोगाने भेटलेले सहा जण दोन वर्षे आधी एका टेबलाशी बसले असते, तर कोणाचेही नाव न घेता त्यांना कळले असते की दक्षिण कोकणात सगळ्यांचीच मुदत एकाच वेळी लांबते आहे. मर्यादा थोडी आवरली असती, आणि तो दुकानदारही वाचला असता.

मार्को पगानो आणि तुल्लिओ याप्पेल्ली यांनी 1993 साली याच प्रश्नाची मांडणी केली. कर्ज देणारे परस्परांना माहिती केव्हा देऊ लागतात? कर्जदार एका जागी स्थिर असतात तोवर प्रत्येकाचे स्वतःचे ज्ञान पुरते, ते फिरते झाले की देवाणघेवाणीचे मोल वाढते. अ‍ॅकरलॉफच्या सावकाराचे ज्ञान पुरे पडत होते, कारण त्याचे कूळ गाव सोडून जात नव्हते. आता तसे राहिलेले नाही. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. आज आमच्या भागातल्या बागा कराराने घेणारे बाहेरचेही आहेत, राखणीला नेपाळी कामगार आहेत, नौकांवरही आहेत. एका दुकानाची मालाची उलाढाल कोल्हापूर, पुणे, वाशी अशी तीन ठिकाणी विखुरलेली असते. जेटीवरचे ज्ञान खोटे झालेले नाही. ते आता अपुरे आहे.

अशी अधिवेशने हे परदेशी वळण आहे, असेही जेटीवर कोणी तरी म्हणाले. अमेरिकेत उधारी सांभाळणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना 1896 साली ओहायोतल्या टोलेडो शहरात स्थापन झाली हे खरे. पण नाशिकच्या पांडवलेण्यांतला उषवदाताचा लेख त्याहून जवळपास अठरा शतके जुना आहे. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला, फलकावर नोंदवला गेला. पैसा कोणाकडे, किती, कोणत्या दराने, हे व्यापाऱ्यांच्या सभेसमोर जाहीर करण्याची रीत या मातीत तेव्हापासून आहे. आमच्या मांडवीच्या नावातच ती खूण आहे. मांडवी म्हणजे मालाची उतारपेठ, जकातीचे ठाणे. माल आणि त्याची नोंद चारचौघांसमोर येण्याची जागा.

कायदा मोबाइलवर वाचता येतो, याला मी मान देतो, पण अर्धाच. चिपळूणजवळ जन्मलेल्या म. म. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात व्यवहाराची सविस्तर मांडणी केली. अठरा व्यवहारपदांत पहिले पद ऋणादानाचे आहे. व्याज मुद्दलाहून वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी मानला. तो ऋणको वाचवणारा होता. 2006 चा लघुउद्योग कायदा उलट बाजूने उभा राहिला. लहान पुरवठादाराचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्या, नाही तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. जुलै 2021 मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही या उद्योगांत धरल्याचे जाहीर झाले तेव्हा आमच्या कितीतरी वितरकांना आनंद झाला, आता आपल्यालाही पंचेचाळीस दिवस लागू. मीही तसेच धरून चाललो होतो. तो समावेश केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जांपुरता आहे, उशिरा येणाऱ्या पैशाच्या संरक्षणापुरता नाही, हे मला एका अधिवेशनात जेवणाच्या रांगेत कळले. सांगणाऱ्याचा दावा त्यावरच अडला होता. ते परिपत्रक माझ्या मोबाइलवरही होते. कुठे बोट ठेवायचे हे ठेच लागलेल्या माणसाने दाखवले.

एक आक्षेप मात्र जेटीवर कोणी घेतला नाही, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. एकाच धंद्याची माणसे एकत्र जमली की बोलणे शेवटी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध कटाकडे वळते, असे अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच बजावले होते. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम त्याच भीतीतून आले आहे. उधारीच्या अधिवेशनात हे भय खरे आहे. म्हणून रेषा ठाम हवी. माझ्या खात्यात काय घडले, हे सांगता येईल. उद्यापासून आपण सगळे साठच दिवस देऊ, किंवा अमक्याला कोणीच माल द्यायचा नाही, असे ठरवता येणार नाही. अशी चर्चा सुरू झाल्यावर मी एकदा टेबलावरून उठून गेलो आहे, आणि त्या तरुणालाही ऊठ म्हणून सांगेन. ज्या अधिवेशनांत दोन्ही दिवस सॉफ्टवेअर विकणारेच बोलतात, तिथला पैसा वाया जातो, हेही कबूल करतो. ते त्या आयोजनाचे अपयश. एकत्र बसण्याच्या गरजेविरुद्ध तो पुरावा होत नाही.

"उधारीचे पोते सव्वा हात रिते" ही म्हण आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्या संध्याकाळी शेवटचा शब्द म्हणून टाकली. म्हण खरी आहे, पण पोते रिते कुठे आहे हे एकेकट्याला आतून चाचपून कळत नाही, कारण प्रत्येकाच्या हाती त्याचा एकच कोपरा असतो.

तरुण परवा घरी आला होता. "काका, मी जातोय," म्हणाला. सोबत काय न्यावे असे विचारले, तेव्हा मी त्याला नावे झाकून थकबाकीची महिनावार यादी काढायला सांगितली, गेल्या चार हंगामांची. आणि जाण्याआधी एक काम उरकायला सांगितले. ज्या खात्यांना तीन वर्षे पुरी होत आली आहेत, त्यांच्या बाकीच्या पत्रावर दुकानदाराची तारखेसकट सही घ्यायची. मुदत संपण्याआधी लेखी कबुली मिळाली तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात, नंतरच्या सहीने तसे होत नाही. त्याच्या वहीत अशी चार खाती निघाली. एक खाते लांज्याचे, त्याची मुदत अधिवेशनाच्या दुसऱ्याच दिवशी संपते. त्यासाठी तो उद्या सकाळच्या एसटीने निघणार आहे.