खोट्या दागिन्यांची खरी कथा

आपल्या मराठी भाषेने दागिन्यांची सरळ दोन घराणी पाडून ठेवली आहेत. सोन्याचांदीचा तो 'खरा' आणि बाकी सारा 'खोटा'. लग्नघरात एखादीच्या गळ्यातील सुरेख माळ पाहून शेजारीण हळूच विचारते, "खरी आहे की खोटी?" उत्तर 'खोटी' असे आले, की पाहणारीची नजर लगेच दुसरीकडे वळते. माळेचा घाट तोच आणि ओवणारीचे कसबही तेच, पण त्या एका शब्दाने तिचे मोल उतरते. हा 'खोटा' दागिना आपल्या भूमीत किती जुना आहे आणि कोणकोणत्या साध्या वस्तूंतून तो घडत आला, हे भगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ फार लांबून करावा लागेल. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटणे नावाचे ठिकाण आहे. तेथील उत्खननात अश्मयुगीन माणसाने शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी मिळाले. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. शेती नव्हती, मडके घडवणे ठाऊक नव्हते, सोने तर स्वप्नातही नव्हते. पण अंडे खाऊन झाल्यावर उरलेले कवच फेकून न देता, त्याचा तुकडा घ्यावा, त्याला भोक पाडावे आणि तो अंगावर मिरवावा, ही हौस मात्र होती. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करण्याची विद्या आपण आज शोधून काढलेली नाही.

त्यानंतरचा टप्पा अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशाचा. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले. ताम्रपाषाण काळातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या पोटात ओवलेल्या दोऱ्याचा अंश तांब्याच्या संगतीने तीन हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिला होता. असा दोरा एरवी मातीत जाऊन वर्षा-दोन वर्षांत नाहीसा होतो. आपले मूल मातीआड करताना त्याच्या गळ्यातली माळ ज्यांनी काढून घेतली नाही, त्यांच्या मनात त्या मण्यांची किंमत काय असेल, हे आयांना वेगळे सांगायला नको.

सातवाहन काळात धाराशिव जिल्ह्यातील तेर ही मोठी व्यापारी पेठ होती. तेथे शंखाचे, काचेचे आणि भाजल्या मातीचे मणी विपुल मिळाले आहेत. त्या काळी पश्चिमेकडून रोमन नाणी येत. ती गळ्यात घालण्याची ऐपत असणारे थोडे असले, तरी हौस साऱ्यांनाच. मग कारागिरांनी त्या नाण्यांची नक्कल चक्क मातीत उतरवली, भाजली आणि ओवण्यासाठी तिला भोक ठेवले. तेव्हा 'इमिटेशन' दागिन्यांचा धंदा अलीकडच्या काळातला, असे ज्यांना वाटते त्यांनी आपली समजूत सुमारे दोन हजार वर्षे मागे न्यावी.

आता खुद्द 'खऱ्या' दागिन्यांकडे वळू. त्यांची नावे एकदा ओळीने म्हणून पाहा : बोरमाळ, जोंधळी पोत, तांदळी पोत, पोहेहार, जवमणी, बकुळीहार, चाफेकळी. ही यादी सोनाराच्या पेढीवरची वाटते, की आपल्या कोठीतली आणि परसातली? बोर, जोंधळा, तांदूळ, पोहा, जव ही रोजची, फुकटात किंवा थोडक्यात मिळणारी चीजवस्तू. सोनाराने तिचेच रूप सोन्यात उतरवले. त्यातही गंमत अशी, की बोरमाळेचा मणी आतून पोकळ असतो आणि त्याच्या पोटात लाख भरलेली असते. कोल्हापुरी साजातही लाख असतेच. सोने वरचा पत्रा तेवढे, दागिन्याला भरदारपणा येतो तो झाडावरच्या किड्यांनी दिलेल्या लाखेमुळे.

इतकेच कशाला, सोने तोलायचे ते कशाने? रानातल्या गुंजेने. लाल अंगाचे आणि काळ्या डोळ्याचे ते बी. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्याला ९६ गुंजा. ज्या बियांच्या माळा रानातल्या मुली हौसेने ओवीत, तीच बी सावकाराच्या तराजूत बसून सोन्याचे मोल ठरवी. (गुंजेचे बी विषारी असते, म्हणून लहान मुलांच्या हाती मात्र ते देऊ नये.)

काचेची कथा याहून मोठी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननात बहामनी काळातील रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. म्हणजे निदान सहाशे वर्षे तरी काचेची बांगडी मराठी हातांत किणकिणते आहे. गावोगावचे कासार डोईवर किंवा खांद्यावर ओझे घेऊन दारी येत, ओट्यावर बसून सासुरवाशिणीचा हात हातात घेत आणि बोलता बोलता चुडा भरून जात. बांगडी फुटली असे कोणी म्हणत नसे, ती 'वाढवली' असे म्हणत. फुटक्या काचाही वाया जात नसत. मुली त्या दिव्याच्या ज्योतीवर धरून वाकवीत, एकीत एक अडकवीत आणि दाराला तोरण करीत.

मंगळसूत्राचेही तसेच. वाट्या सोन्याच्या असोत वा नसोत, त्याचा जीव काळ्या पोतीत, म्हणजे काचेच्या मण्यांत असतो. गरिबाघरच्या बाईने निव्वळ काळी पोत घालून संसार केले आणि ते कोणी खोटे म्हटले नाहीत.

मात्र याच स्वस्त काचेने बायकांना रडवलेही आहे. नवरा गेला की त्याच दिवशी तिच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. दोन-चार पैशांची वस्तू, पण तिच्यावाचूनचा हात घेऊन बाईला उरलेले आयुष्य कोपऱ्यात काढावे लागे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेने जाण्याचे आवाहन केले. बांगडीचे मोल काचेत नव्हते, माणसांनी तिच्यावर लादलेल्या अर्थात होते. असा अर्थ माणसे लादू शकतात, तशी ती उतरवूनही ठेवू शकतात, हे हेरवाडने दाखवून दिले.

पंढरीच्या वाटेवरची तुळशीची माळ याच जातीची. वाळक्या काडीचे मणी आणि साधा दोरा, पण ती गळ्यात पडली की माणूस 'माळकरी' होतो. सोन्याचा गोफ घालून कोणाच्या वागण्यात फरक पडल्याचे मात्र ऐकिवात नाही.

पुढे एक काळ असा आला, की खुद्द सरकारने सोन्यावर बंधन घातले. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी ठिकठिकाणी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. लागलीच जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. हजारो सोनारांची भट्टी थंडावली, कित्येकांच्या घरी उपासमार झाली. ही नियंत्रणे पुढे सैल झाली. १९६८ चा कायदा मात्र १९९० साली रद्द होईपर्यंत राहिला. सोने महाग होत गेले, तशी मुलामा दिलेल्या दागिन्यांना घरोघर जागा मिळाली. 'बेंटेक्स' हे नाव खेड्यातल्या आजीच्याही तोंडी बसले. मुंबईत मालाडसारख्या उपनगरात या दागिन्यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांतले मणी ओवण्याचे, खडे चिकटवण्याचे कितीतरी काम घरोघरच्या बायकांच्या हाती गेले.

या साऱ्या परंपरेत अस्सल आपला, बायकांनीच घडवलेला आणि बायकांनीच बायकांना विकलेला असा दागिना कोणता म्हणाल, तर तो संक्रांतीच्या हलव्याचा. नव्या सुनेचा पहिला सण असो की तान्ह्याचे बोरन्हाण, काळ्या वस्त्रावर पांढरेशुभ्र काटेरी दागिने खुलून दिसतात. हार, मंगळसूत्र, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, तोडे, बाळाला मुकुट आणि बासरी, जावयाला हार आणि नारळ. अलीकडे जावयासाठी हलव्याचे घड्याळ आणि मोबाइलसुद्धा होऊ लागला आहे! हा दागिना चोराला नको असतो, मुंग्यांना मात्र हवा असतो, एवढीच त्याची जोखीम.

पण तो करणे हे खायचे काम नव्हे. आधी साखरेचा पाक करून दूध घालून त्याची मळी काढायची. शेगडीवर अगदी मंद आचेवर परात ठेवून तिच्यात खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा. वरून चमच्याने थोडा थोडा पाक सोडायचा आणि दाणे बोटांनी सतत हलवत राहायचे. पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पिवळे पडतात, हात थांबला तर काटा येत नाही. हवा थंड आणि कोरडी हवी, म्हणून पहाटेची वेळ गाठायची. असे तासन् तास, कधी दोन-तीन दिवस, तेव्हा कोठे दाण्याला टपोरा काटा फुटतो. तोवर बोटांची टोके पोळून बधिर झालेली असतात. मग दाणे आकाराप्रमाणे निवडायचे, एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवून सर करायचे, पुठ्ठा कापून त्याला सोनेरी कागद लावायचा आणि त्यावर नक्षी बसवायची. सोनाराने बोर आणि जोंधळा पाहून सोने घडवले. आमच्या आज्यांनी ते सोन्याचे घाट पाहून ते पुन्हा तिळातांदळाच्या जातीच्या दाण्यांत आणून बसवले. एक फेरा पुरा झाला.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सोनाराकडे आपण जातो तेव्हा तो दोन हिशेब मांडतो : सोन्याचे वजन आणि घडणावळ. घडणावळ देताना आपण थोडी घासाघीस करू, पण ती देऊच नये असे कोणाच्या मनातही येत नाही. हलव्याचे दागिने करणारी भगिनी मात्र हिशेब मांडते तो साखरेचा, तिळाचा, दोऱ्याचा आणि कागदाचा. पहाटेपासून पोळलेली बोटे त्या हिशेबात कोठेच नसतात. घेणारीही म्हणते, "साखर ती काय आणि दोरा तो काय, घरी बसल्या बसल्या तर केलेत!" वास्तविक सोन्याच्या दागिन्यात घडणावळीचा वाटा लहान असतो आणि मोडताना तो परतही मिळत नाही. या साध्या दागिन्यात मात्र जवळजवळ सारी किंमत घडणावळीचीच असते. साहित्य नावापुरते, बाकी सगळे हात आणि डोळे. मग त्याला खोटा कसे म्हणावे?

बायकांच्या हातच्या कामाला मोल आहे, हे आपल्या प्रांतात पूर्वीही ओळखले गेले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना शिक्षणाबरोबर हातचे उद्योग शिकवले. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ती 'लिज्जत'ची सुरुवात. पापड घरोघर लाटले जातच होते, त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते हे, की लाटण्याची मजुरी वजनावर ठरली, ती हिशेबात आली आणि लाटणारी बाई मालकीण झाली.

आज आपल्या भोवतालच्या कितीतरी भगिनी असे दागिने करीत आहेत. खणाच्या आणि पैठणीच्या उरलेल्या तुकड्यांची कर्णफुले, भाजल्या मातीच्या माळा, रेशमी दोरा गुंडाळलेल्या बांगड्या, कागदाच्या पट्ट्यांचे झुमके. मेळघाटातील आदिवासी भगिनी बांबूच्या राख्या करून दूरवर पाठवतात. वस्तू स्वस्त आहेत, चित्रविचित्र आहेत, कॉलेजातल्या मुलींना आवडतात आणि मंडळांच्या विक्रीच्या टेबलांवर हातोहात जातात. पाटण्याच्या त्या अंड्याच्या कवचाची ही आजची भावंडे होत.

तेव्हा भगिनींनो, वर्धापनदिनाच्या निमित्ताने एवढीच विनंती. करणारीने आपल्या वहीत सामानाच्या खाली एक ओळ वाढवावी आणि तिच्यापुढे लिहावे 'घडणावळ'. किती तास बसलो ते मांडावे आणि संकोच न करता तो आकडा किमतीत धरावा. दागिना तरीही स्वस्तच राहील, कारण त्यात सोने नाही. घेणारीने सोनाराशी करते त्याहून अधिक घासाघीस येथे करू नये. आणि पुढच्या खेपेस कोणी कानाशी लागून "खरी की खोटी?" असे विचारले, तर ती कोणी ओवली तिचे नाव सांगावे.