चाळकऱ्याची संमती

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत प्लेगचे पहिले रोगी आढळले आणि पुढील काही महिन्यांत मुंबई शहर ओस पडू लागले. ज्यांना गाव होते ते गावी निघून गेले. ज्यांना नव्हते ते अंधाऱ्या खोल्यांतून राहिले. उंदीर व त्याच्या अंगावरील पिसू यांचा ह्या रोगाशी असलेला संबंध सर्वमान्य व्हावयास अद्यापि काही वर्षे होती. कोंडलेली हवा, ओल आणि दाटी हेच रोगाचे मूळ, अशी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. साहजिकच रोगावरील उपाय म्हणून घरेच पाडावयाची ठरली व त्यासाठी १८९८ च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. पुढे कलकत्त्यास आणि दिल्लीसही तिच्याच धर्तीवर ट्रस्ट निघाले. म्हणून मुंबईत काय घडले हा केवळ एका शहराचा इतिहास राहत नाही.

ह्या ट्रस्टच्या विश्वस्त मंडळात पालिकेचे प्रतिनिधी होते, व्यापारी मंडळाचे होते, पोर्ट ट्रस्टचे होते, गिरणीमालकांचेही होते. ज्याची खोली पाडावयाची, त्या भाडेकरूचा मात्र कोणीही नव्हता. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगतच होते. कारण जमीन संपादन करावयाची म्हणजे मालकास मोबदला द्यावयाचा, आणि भाडेकरू हा तर मालक नव्हे. नागपाड्यात पाडापाडी झाली तेव्हा मालकांस नुकसानभरपाई मिळाली व भाडेकरू आपले बिऱ्हाड उचलून शेजारच्या गल्लीत गेले. ज्या दाटीविरुद्ध ही मोहीम होती, ती दाटी अशा रीतीने एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे प्रशस्त रस्ते झाले आणि समुद्राचा वारा शहरात आला, हे खरे. ट्रस्टने काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सुमारे बावीस वर्षांचे वास्तव्य होते, ही गोष्ट त्या चाळींचे मोल ठरविताना विसरून चालणार नाही. परंतु जितक्यांची घरे गेली तितक्यांस ती पुन्हा मिळाली नाहीत.

ह्या रीतीस हिंदुस्थानातच एका माणसाने जोराचा आक्षेप घेतला. पॅट्रिक गेडिस हा मूळचा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ. नगररचनेकडे वळला तो उतारवयात. १९१४ साली तो मद्रासच्या गव्हर्नरच्या निमंत्रणावरून आपले नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येण्यास निघाला, आणि प्रदर्शनाचे सामान ज्या बोटीवर होते ती ‘एम्डेन’ ह्या जर्मन युद्धनौकेने बुडविली. गेडिस खचला नाही. गावोगाव हिंडून, गल्लीबोळ पायी तुडवून तो अहवाल लिहीत राहिला. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा ओढावयाची आणि तिच्या वाटेत येईल ते घर पाडावयाचे, ही पद्धत क्रूर तर आहेच, शिवाय महागही आहे, असे त्याचे म्हणणे. एखादे पडीक घर काढावे, एक चौक मोकळा करावा, एक विहीर साफ करावी. जेथे पाडणे अटळ तेथेच पाडावे. शस्त्रवैद्याने अवयव राखून गाठ कापावी, तशी ही कल्पना होती.

होळकरांच्या इंदुरात त्यास ती आजमावण्याची संधी मिळाली. १९१७ साली तो तेथे गेला तेव्हा गावात प्लेग होता आणि नगररचना म्हणजे घर पाडणारा साहेब, अशी लोकांची धारणा असल्यामुळे गल्लीत त्यास पाहताच माणसे धास्तावत. तेव्हा त्याने दरबाराकडून एका दिवसाचे राजेपण मागून घेतले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. दिवाळीस मोठी मिरवणूक निघेल, आणि ती ठरलेल्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व नीटनेटकी असतील त्या रस्त्यांनी जाईल, अशी दवंडी पिटण्यात आली. मग काय! घराघरांतून केर बाहेर पडला, भिंती रंगल्या, वर्षानुवर्षांचे उकिरडे गाड्यांत भरून गावाबाहेर गेले. मिरवणुकीत रावणासारखा अक्राळविक्राळ प्लेगासुर होता, भला मोठा उंदीर होता. शुभ्र वेषात, गळ्यात माळा घातलेले सफाईचे कामकरी मानाने चालले होते. आणि शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली. कोणास हा तमाशा वाटेल. पण जे काम हुकुमाने झाले नसते, ते गावाने आपण होऊन केले. पुढील वर्षी गेडिसने इंदूर दरबारास दिलेला दोन खंडांचा अहवाल नगररचनेच्या अभ्यासकांस आजही परिचित आहे.

१९१९ मध्ये हाच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्या विषयांचा प्राध्यापक झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२० साली, गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी त्याच शहरात ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढले. मुंबईकरांच्या तोंडी पुढे ‘बी.डी.डी.’ ही जी तीन अक्षरे बसली ती ह्या खात्याची. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर घ्यावयाचा, अशी योजना होती. हेतू उदार, पैसा भरपूर, काँक्रीटसारखे नवे साधन हाताशी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळ तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर मधल्या अंधाऱ्या वाटेच्या दोहों बाजूंस दहा-दहा खोल्या, अशा एकूण ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. पाणी व शौचकूप मजल्यावर सामाईक.

आणि खोल्या रिकाम्या राहिल्या! पन्नास हजारांचा संकल्प सुमारे साडेसोळा हजारांवर थांबवावा लागला, त्यांतही हजारो खोल्यांस वर्षानुवर्षे भाडेकरू मिळेना. कारणे पुढे सर्वांनीच सांगितली. भाडे कामगारास परवडणारे नव्हते, वरळी गिरण्यांपासून लांब होती, खिडक्यांच्या जागी बसविलेल्या काँक्रीटच्या झडपांतून पाऊस आत येई पण उजेड नीट येत नसे. ह्यांपैकी एकही गोष्ट गुप्त नव्हती. डिलाईल रोडवरील कोणत्याही साच्यावाल्याने ती पाच मिनिटांत सांगितली असती. त्यास विचारावे असे कोणास सुचले नाही, इतकेच. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणूनही चालली, ह्यावर अधिक भाष्य नको.

तथापि काळाने ह्या चाळी भरल्या, आणि माणसांनी त्या आपल्याशा केल्या. कोकणातून, साताऱ्याहून आलेला एकटा कामगार एका खोलीत दहाजणांबरोबर राहिला, मग त्याचे कुटुंब आले, मग मुले झाली. व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सव, आंबेडकर जयंती, कबड्डीचे संघ असा सारा संसार त्या काँक्रीटभोवती वाढला. १९८२ चा गिरणी संप येथल्याच कित्येक घरांच्या चुली विझवून गेला, तरी खोली राहिली.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने भाडेकरूस एक नवी गोष्ट दिली, ती म्हणजे त्याची संमती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस सत्तर टक्के रहिवाशांची लेखी संमती आवश्यक ठरली. १८९८ चा कायदा ज्यास ओळखतही नव्हता, त्याच्या सहीवाचून आता मालकाचे किंवा बिल्डरचे काम अडू लागले. हा बदल लहान नव्हे. परंतु बी.डी.डी. चाळींचा मालक खुद्द सरकार. त्यांच्या पुनर्विकासासाठी जे स्वतंत्र कलम पुढे नियमावलीत आले, त्यात म्हाडाकडे काम सोपविताना रहिवाशांच्या संमतीची अट ठेवण्यात आली नाही. खासगी मालकावर घातलेले बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले नाही. शासन नफ्यासाठी काम करीत नाही, आणि हजारो कुटुंबांच्या सह्या गोळा करीत बसल्यास एक पिढी निघून जाईल, ह्या युक्तिवादांत तथ्य आहे. पण लॉईडसाहेबही नफ्यासाठी बांधीत नव्हते.

२२ एप्रिल २०१७ रोजी वरळीत भूमिपूजन झाले. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड (आता ना. म. जोशी मार्ग) येथील १९५ चाळी, सुमारे साडेपंधरा हजार बिऱ्हाडे, आणि प्रत्येकास १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, तेही विनामूल्य! एवढे देऊ केल्यावर विरोध कसला, असे पुष्कळांना वाटले. पण पात्रता ठरविणारे अधिकारी नायगावात व जोशी मार्गावर आले तेव्हा अनेक रहिवाशांनी दारे उघडली नाहीत. त्यांचे प्रश्न साधे होते. खोली रिकामी करण्यापूर्वी नोंदणीकृत करार मिळेल काय? नवे घर कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे आधी कळेल काय? चाळीस मजल्यांच्या मनोऱ्यात उद्वाहनाचा व देखभालीचा खर्च निवृत्त गिरणी कामगाराने कोठून द्यावा? संमतीची सही कायद्याने मागितली नव्हती. तेव्हा चाळकऱ्याने न उघडलेल्या दारालाच आपली सही बनविले. काही वर्षे गेली, खर्च वाढला, वाट पाहताना कित्येक म्हातारी माणसे गेली. अखेर करार झाले, आणि घर सोडण्यापूर्वीच सोडत काढून नव्या घराचा क्रमांक सांगण्याची पद्धत आली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या.

शिवडीच्या बारा चाळी ह्या योजनेबाहेर राहिल्या होत्या. त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील. चाळी मात्र राज्य शासनाच्या. तेथील चाळकऱ्यापुढे संमती देण्या-न देण्याचा प्रश्न येण्याआधीच, अर्ज कोणत्या कचेरीत करावयाचा हा प्रश्न उभा होता.