डब्यातली गाळणी आणि ग्राहकाचा डोळा

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात ऑइल फिल्टर मागितला की दुकानदार खोक्यातून रंग दिलेला पत्र्याचा एक डबा काढून समोर ठेवतो. गिऱ्हाईक तो हातात तोलून पाहते, रबरी कडे बोटाने चाचपते, मधल्या भोकातून आत डोकावते आणि पैसे देते. या पाहणीतून त्याला नेमके काय कळते? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरासाठी आपल्याला जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागेल. या काळात गाळणी हळूहळू नजरेआड होत गेली आणि तिच्याविषयी बोलण्याचे काम खोक्यावरच्या अक्षरांकडे आले.

आधी गाळणीची गरज पाहू. चालू इंजिनात क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये फिरते ते तेलाच्या पातळ थरावर. हा थर काही ठिकाणी अवघा काही मायक्रोमीटर जाडीचा असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, तर रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची. या थराच्या जाडीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असा धुळीचा अथवा धातूचा कठीण कण आत शिरला, की दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडे उठतात. आता गंमत अशी, की नुसत्या डोळ्याला साधारण ४० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण सुटा दिसत नाही. म्हणजे इंजिनाची झीज करणारे कितीतरी कण आपल्या नजरेच्या टप्प्याबाहेरच असतात.

सुरुवातीच्या मोटारींत तेल गाळण्याची नीट सोय नव्हती. रस्ते धुळीचे होते. तेल लवकर घाण होई आणि ते वारंवार बदलणे एवढाच उपाय होता. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीसाठी तेलाची गाळणी तयार केली. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे 'नंतर शुद्ध तेल', या शब्दांवरून तिचे नाव 'प्युरोलेटर' पडले. १९२४ मध्ये आलेल्या क्रायस्लरच्या पहिल्या मोटारीत तेलाची गाळणी होती. स्वीटलँड यांना पेटंट मिळाले ते १९२९ मध्ये.

या पहिल्या गाळणीत विणलेल्या कापडाचे थर होते आणि तिला काचेची एक छोटी खिडकीही होती. तेल वाहते आहे की नाही हे चालकाला त्या खिडकीतून दिसे. प्रवाह थांबला, की गाळणी तुंबली असे समजायचे. गाळणी काम करते की नाही याचा निवाडा त्या वेळी मालकाच्या डोळ्याकडे होता. अर्थात हा निवाडा अपुराच होता. तेल वाहताना दिसे, पण ते कितपत गाळले गेले हे काही दिसत नसे. शिवाय त्या काळच्या जोडणीत पंपातून निघालेल्या तेलापैकी साधारण दहावा हिस्साच गाळणीतून जाई आणि उरलेले तेल न गाळता बेअरिंगकडे जाई.

पुढे आतला गाळणभाग काढून नवा बसवण्याची पद्धत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळे तेल गाळणीतूनच पाठवणारी रचना रूढ होत गेली. कापड, सूत अशा गाळणद्रव्यांची जागा हळूहळू राळेत भिजवून घडी घातलेल्या कागदाने घेतली. तरीही नवा गाळणभाग विकत घेताना तो हातात येई. घड्या सारख्या आहेत का, कागद कुठे फाटला आहे का, टोकाच्या चकत्या नीट चिकटल्या आहेत का, हे पाहता येई.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या विक्स कंपनीने आटे फिरवून बसवायचा बंद डबा आणला. कागद, झडपा, स्प्रिंग हे सगळे पत्र्याच्या आत कायमचे बंद झाले. मेकॅनिकचे काम सोपे झाले. जुना डबा फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा. भारतात डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मुळे हा डबा मध्यमवर्गीय घरांच्या ओळखीचा झाला. सोय झाली, पण तिची एक किंमत होती. गाळणी पाहायची तर डबा कापावा लागतो आणि कापलेला डबा पुन्हा वापरता येत नाही. परीक्षा घेतली की वस्तू संपते, अशी ही परीक्षा आहे. काडेपेटीतली प्रत्येक काडी पेटते का, हे सगळ्या काड्या ओढून तपासले तर हातात काय उरेल? अशा वेळी एकाच पद्धतीने बनवलेल्या मालातले काही नग तपासायचे आणि त्यावरून उरलेल्यांविषयी अनुमान करायचे, एवढाच मार्ग राहतो. हे काम गिऱ्हाइकाचे नाही, प्रयोगशाळेचे आहे.

प्रयोगशाळेला तरी ते सोपे होते का? मुळीच नाही. गाळण्यांची तुलना करायची तर प्रत्येकीला सारखीच धूळ द्यायला हवी. अमेरिकेत त्यासाठी ॲरिझोना राज्यातली माती चाळून, प्रतवारी करून वापरली जाई. जनरल मोटर्सच्या एसी या विभागाने तयार केलेली ही धूळ कित्येक वर्षे जगभर प्रमाण मानली गेली. १९७० च्या दशकात ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात एक चाचणी विकसित झाली. तेल गाळणीतून पुन्हापुन्हा फिरवायचे, त्यात सतत प्रमाण धूळ मिसळत राहायचे आणि गाळणीच्या आधी व नंतर ठरावीक आकाराहून मोठे कण मोजायचे. दोन्ही संख्यांच्या गुणोत्तराला 'बीटा' म्हणतात. समजा २० मायक्रोमीटरहून मोठे १००० कण आत गेले आणि ५० बाहेर आले, तर बीटा २० झाला. म्हणजे ९५ टक्के कण अडले. बीटा २ असेल तर निम्मेच अडतात. १९८१ मध्ये ही चाचणी आंतरराष्ट्रीय मानक झाली.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. खोक्यावर नुसते '२० मायक्रॉन' लिहिलेले असेल, तर त्याला फारसा अर्थ नाही. त्या आकाराचे निम्मे कण अडवणारी गाळणीही ते लिहू शकते आणि शंभरातले नव्व्याण्णव अडवणारीही. आकार, टक्केवारी आणि चाचणीचे नाव अशा तीन गोष्टी एकत्र असतील, तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

कथेचा पुढचा भाग वर्गात सांगण्याजोगा आहे. एसीच्या धुळीचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले. नव्या प्रमाण धुळीचे मानक १९९७ मध्ये आले. १९९९ मध्ये कणमापक यंत्रे जुळवण्याची पद्धतही बदलली. तेव्हा असे दिसले, की जुन्या मोजणीतला ५ मायक्रोमीटरचा कण नव्या मोजणीत सुमारे ६ चा भरतो आणि १५ चा कण सुमारे १४ चा. कण तेच होते, बदलली ती मोजपट्टी. खोक्यावरच्या आकड्यामागे कोणते मोजमाप आहे हे विचारणे म्हणूनच रास्त ठरते.

मग गिऱ्हाइकाच्या डोळ्याला काही कामच उरले नाही का? उरले आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. बहुतेक डब्यांत तेल कडेच्या लहान भोकांतून आत येते, कागदातून बाहेरून आत झिरपते आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनाकडे जाते. म्हणजे मधले भोक ही गाळलेल्या तेलाची बाजू. दुकानातल्या उघड्या खोक्यात त्या भोकात धूळ पडली, किंवा आट्यांना धातूचा कीस चिकटलेला असला, तर तो कचरा न गाळता थेट बेअरिंगकडे जातो. भोकावरचे प्लॅस्टिकचे आवरण शोभेसाठी नसते. ते गाळणीच्या कामाचाच भाग आहे. म्हणून आवरण फाटलेले, खोके पुन्हा चिकटवलेले, डब्याला पोचा आलेला, रबरी कडे खाचेतून सुटलेले किंवा आटे गंजलेले असतील, तर तो नग परत करावा. डब्यावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी आणि गाडीच्या पुस्तिकेशी जुळवून पाहावा.

खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी आणली. १ एप्रिल २०११ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. वस्तू कोणी बनवली, केव्हा आणि केवढ्याला, हे त्यावरून कळते. गाळणी किती गाळते, हे मात्र त्यातून कळत नाही.

थोडक्यात, डोळा नगाला नापास करू शकतो, पास करू शकत नाही. हे मुलांना पटवायचे असेल तर रसायनाच्या तासाला गाळणकागदाचे दोन प्रकार दाखवावेत. व्हॉटमनचा १ क्रमांकाचा कागद साधारण ११ मायक्रोमीटरचे कण अडवतो, ४२ क्रमांकाचा अडीच मायक्रोमीटरचे. हातात घेतले तर दोन्ही सारखेच पांढरे. बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट यांच्या अभिक्रियेतला बारीक पांढरा साका पहिल्यातून बराचसा निसटतो आणि खालचे पाणी गढूळच राहते. बेरिअम क्लोराइड विषारी आहे, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. आधी मुलांना विचारावे, की यातला चांगला कागद कोणता? बहुतेक मुले जाड दिसणाऱ्याकडे बोट दाखवतील. गाळून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि उत्तर कशावरून दिले, तेही सांगायला लावावे.