कुलपातला रमजान

शहरातला माणूस विचारतो, रमजान कोणत्या महिन्यात आहे. शेतकरी विचारतो, औंदा रमजान कोणत्या हंगामात. पंचांगात अडीच-तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो, म्हणून दिवाळी दसरा आपापल्या जागी राहतात. आमच्या हिजरी सालात धोंडा नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि एका जन्मात सगळे हंगाम दाखवतो. मी सोयाबीनच्या सोंगणीत रोजे धरले, हरभऱ्याच्या थंडीत धरले, कपाशीच्या निंदणात चिखल तुडवत धरले. 1987 साली तो मे महिन्यात होता. मी एकोणतीस वर्षांचा होतो. पहाटे सहरी करून वखर धरायचो, दहाच्या आत बैल सोडायचो आणि लिंबाखाली जीभ टाळूला चिकटवून पडायचो. फिरत फिरत तोच हंगाम पुन्हा आला तो 2020 साली. 25 एप्रिलला पहिला रोजा. ते वर्ष लिहून ठेवायचं म्हणून हे लिहितो.

आमचं गाव मोताळा तालुक्यात. रोहिणखेडची 1582 सालची जुनी मशीद याच तालुक्यातली. आमची मशीद तशी इतिहासातली नाही. आधी मातीची, मग पत्र्याची, आता स्लॅबची. पण माझ्या माहितीत तिला रमजानात कधी कुलूप लागलं नव्हतं.

सुरुवात सैलानीपासून झाली. होळीला पिंपळगाव सराईची सैलानी बाबांची यात्रा भरते, नारळाची होळी पेटते, कुठकुठून माणसं येतात. त्या मार्चमध्ये यात्राच रद्द झाली. आम्हाला वाटलं, एवढं काय. मग शेगावला गजानन महाराजांचं मंदिर बंद झालं, 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून सगळं ठप्प. 28 मार्चला बुलढाण्यात करोनाने पहिला माणूस गेला. जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर येऊ लागलं. गावच्या पोरांनी रस्त्यावर बोराटीच्या काट्या आडव्या टाकल्या आणि पाटी लावली, बाहेरच्यांना बंदी.

त्याच आठवड्यात दिल्लीच्या मरकजची बातमी आली. तबलीगचे लोक जमले होते, त्यातल्या बऱ्याच जणांना लागण निघाली. माणसं जमली ही चूकच होती, मी नाही म्हणत नाही. पण तिथून पुढे मोबाइलवर जे फिरलं त्यानं आमच्यासारख्या लोकांचं तोंड कडू झालं. आमच्या मोहल्ल्यातली पोरं हातगाडीवर भाजी, फळं विकतात. शेजारच्या गावच्या वेशीवरून ती परत आली. माझी भेंडी होती अर्धा एकर. दोन तोडे ढोरांना घातले. बुलढाणा, मलकापूर तर दूर, तीन किलोमीटरवरचं गाव मला परकं झालं.

आता धुरेकऱ्याची गोष्ट सांगतो. त्याचा आणि माझा धुरा एक. त्याच्या बापाची आणि माझ्या अब्बांची विहीर भागीची होती. तो दरवर्षी दिवाळी झाली की विचारतो, "भाई, औंदा रमजान कवा?" कारण टरबूज. टरबूज सत्तर दिवसांचं पीक, आणि रमजानात त्याला जो भाव असतो तो इतर वेळी नसतो. संध्याकाळी रोजा सोडताना खजुरानंतर टरबुजाची फोड लागतेच. मी तारीख सांगायचो, तो बोटावर दिवस मोजून लावण करायचा. त्या साली मी 25 एप्रिल सांगितली होती, चांद दिसला तर. त्यानं फेब्रुवारीच्या मध्यात एक एकर लावलं. मल्चिंग, ठिबक, सगळं कर्जावर.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो धुऱ्यावर आला, पण नेहमीसारखा बसला नाही. तिकडूनच म्हणाला, "भाई, काही दिवस तुमच्या मोहल्ल्यातल्या पोराईले इकडे येऊ देऊ नका. मले काही नाही, पण लोक बोलतात."

मी म्हटलं, "बरं."

दुसरा शब्द सुचलाच नाही. घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर म्हटलं, ऊन लागलं.

रमजान आठ दिवसांवर आला तेव्हा मशिदीच्या अंगणात चार-पाच जाणते लांब लांब बसले. सरकारचं सांगणं स्पष्ट होतं की नमाज, इफ्तार, तरावीह सगळं घरी. देवबंदच्या उलेमांनीही तेच सांगितलं होतं. मक्केत उमरा थांबलेला होता. तरी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांना पटेना. "साठ वर्षं मी तरावीह सोडली नाही. अल्लाच्या घराला कुलूप लावायचं का? मौत तर लिहिलेलीच आहे."

इमामसाहेब तरुण आहेत, बाहेरगावचे. त्यांनी हजरत उमरचा किस्सा सांगितला. सन 18 हिजरी, म्हणजे इसवी 639. शामच्या मुलखात अमवासची साथ पसरली होती. खलिफा उमर तिकडेच निघाले होते, सीमेवर बातमी कळली आणि ते मागे फिरायला निघाले. त्यांचा मोठा सरदार अबू उबैदा रागावला, की अल्लाने लिहिलंय त्यापासून पळता काय? तेव्हा उमरनी उंटांचा दाखला दिला. खोऱ्याचा एक काठ हिरवा, दुसरा वाळलेला. उंट कुठेही चारले तरी अल्लाच्याच मर्जीत चारले. मग हिरव्या काठावर का न्यायचे नाहीत? आणि ज्या गावात साथ आहे तिथे जाऊ नये, आपल्या गावात असेल तर बाहेर पडू नये, असं पैगंबरांचं सांगणं आहेच. अबू उबैदा पुढे त्याच साथीत गेले.

हा दाखला आम्हा शेतकऱ्यांना लगेच समजला. ज्यानं ढोरं चारली त्याला वाळल्या आणि हिरव्या काठाचा फरक सांगावा लागत नाही. चाचा काही बोलले नाहीत, उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कुलूप आणलं. आत इमामसाहेब, बांगीसाहेब आणि दोघंजण तेवढे राहिले. अजान व्हायची आणि आम्ही घरातून ऐकायचो.

मला तेव्हा दादीची मानमोडी आठवली. 1918 च्या साथीला आमच्या वऱ्हाडात मानमोडी म्हणत. दादी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. त्या साली रमजान जून-जुलैत येऊन गेला, तेव्हा साथ मुंबईत होती. आमच्याकडे खरा तडाखा पाऊस गेल्यावर बसला. पाऊसही धड झाला नव्हता. मोहरम ऑक्टोबरात आला तेव्हा, दादी सांगायची, गावात सवारी बसलीच नाही, कारण उचलायला माणसं नव्हती. एका कबरीत दोघांना ठेवलं, आणि नदीवर सरण विझायच्या आत दुसरं यायचं. आम्ही लहानपणी हसायचो, मान मोडते म्हणजे काय गं दादी. ती हसायची नाही.

आता खरी अडचण माझी स्वतःची. तरावीह म्हणजे रमजानात इशाच्या नमाजनंतर वीस रकात जास्तीच्या. मशिदीत हाफिजसाहेब महिनाभरात पूर्ण कुराण सुनावतात, आपण मागे उभं राहायचं. चाळीस वर्षं मी मागेच उभा राहिलो. आता घरात मी, बायको, सून आणि दोन नातवंडं. पोरगा पुण्यात कंपनीत, तिकडेच अडकलेला. घरात मोठा पुरुष मी एकटा, म्हणजे इमाम मीच.

हाफिज नसला तर कुराणातले शेवटचे दहा छोटे सूरे दोनदा म्हणून वीस रकात पुऱ्या करतात. मला त्यातले सहा येत होते. अलम तरा, लिईलाफि, अरअैतल्लजी आणि तब्बत, हे चार नाही. बासष्ट वर्षांचा माणूस, गावात कोणी विचारलं असतं तर मी हो येतात म्हटलं असतं. दहावीपर्यंत मराठी शाळा, अरबी कच्ची, मग शेती. बायको शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण तिच्या वालिदांनी तिला कुराण नीट शिकवलं होतं. हे मला ठाऊक होतं, पण तिला किती येतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

चांद दिसायच्या आधीचे सहा दिवस तिनं मला शिकवलं. ती तुरीची डाळ पाखडायची, मी समोर बसायचो. एक ओळ ती म्हणायची, एक मी. जीभ वळेना. नात बाजूला बसून ऐकायची आणि माझ्याआधी पाठ करून मोकळी व्हायची. तब्बतमध्ये मी रोज एकाच जागी पडायचो. बायको चिडली नाही, फक्त एकदा म्हणाली, "बैलाला शिकवताना तुम्ही किती दिवस देता?"

24 एप्रिलच्या रात्री ओसरीत चटया टाकल्या. मी पुढे, नातू बाजूला जरा मागे, बायका त्याच्या मागे. पाय कापत होते, खरं सांगतो. आमच्याकडे असा कायदा आहे की नमाजात इमाम चुकला तर मागच्या बाईनं तोंडानं सांगायचं नाही. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर मारायची. पहिल्या रात्री पाठीमागून चार वेळा तो आवाज आला. टक. मी थांबायचो, मागे जायचो, पुन्हा म्हणायचो. दहाव्या-बाराव्या रात्रीपर्यंत तो बंद झाला. एका रात्री मी मुद्दाम चुकलो नाही, पण मधेच थांबलो, तर लगेच टक. म्हणजे ती प्रत्येक अक्षर ऐकत होती. मशिदीत तिला जागा नव्हती, आमच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि आम्ही एका जमातीत पहिल्यांदा उभे राहिलो.

रोजे कडक होते. सुरुवातीला सव्वाचौदा तासांचे, शेवटी पावणेपंधराच्या जवळ. खजूर मिळाले नाहीत पहिले चार दिवस. सगळं ठप्प, गाडी येणार कुठून.

दुसऱ्या रोज्याला आखाजी होती. शेतावर गेलो तर धुरेकरी टरबुजात उभा. पीक उत्तम आलं होतं, आणि व्यापारी नाही. जी पोरं दरवर्षी बांधावरून माल उचलायची ती आमच्याच मोहल्ल्यातली, आणि त्यांना येऊ नका म्हणून त्यानंच सांगितलेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं. दोघंही बोललो नाही. इथे मी मोठेपणा केला असं लिहायला बरं वाटलं असतं. मी चार दिवस गप्प बसलो. मनात म्हणत होतो, सडू दे. रोजा तोंडाला होता, मनाला नव्हता.

पाचव्या दिवशी तोच आला, धुरा ओलांडून. "भाई, चुकलं. पोराईले पाठवा. भाव नका देऊ, उचलून तरी न्या."

मी पोरांना सांगितलं. दोघं तयार झाली, तिसऱ्यानं तोंडावर नाही म्हटलं, आणि मी त्याला जोर केला नाही. शेतमालाच्या गाडीला परवानगी होती. तोपर्यंत अर्धा माल उन्हानं फुटला होता. उरलेला मोहल्ल्यात आणि दोन-तीन गावांत गेला, पैसे त्याला मिळाले, पण बियाण्याचा खर्चही निघाला नाही.

25 मेची ईद तीस रोजे पुरे करून आली. ईदगाह रिकामी. नवे कपडे मोहल्ल्यानं घ्यायचेच नाहीत असं ठरलं होतं. फितरा माणसामागे पावणेदोन-दोन किलो गव्हाचा निघतो, तो आम्ही ईदपर्यंत न थांबता आधीच काढला, कारण हातावर पोट असलेली घरं रिकामी झाली होती. ईदची नमाज घरी, पोरगा फोनवर. शीरखुर्म्याचं दूध दरवर्षी धुरेकऱ्याच्या म्हशीचं असतं. त्या सकाळी किटली दारात ठेवलेली होती, माणूस नव्हता. बायकोनं त्याच किटलीत शीरखुर्मा भरून नातवाच्या हाती परत पाठवला.

ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता दिसते, असं निकालात म्हटलं. ती बातमी आमच्या गावात कोणी मोबाइलवर फिरवली नाही. 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली मंदिरं-मशिदी उघडल्या. कुलूप चाचांनीच काढलं.

2021 चा रमजान त्याहून वाईट. आदल्या साली भीती जास्त होती, या साली मयती जास्त. पुन्हा घरीच तरावीह, पण मला आता दहा सूरे येत होते. धुरेकऱ्याचा मोठा भाऊ त्यात गेला. मी मास्क बांधून लांब उभा होतो. 14 मेला ईद आणि आखाजी एकाच दिवशी आली. त्याच्याकडे भावाची घागर भरायची होती, आमच्याकडे ईद. त्या दिवशी किटली आली नाही, मी वाटही पाहिली नाही. शीरखुर्मा केला नाही.

2022 ला मशीद भरली. पहिल्या तरावीहला मी पुन्हा मागच्या रांगेत. हाफिजसाहेब अडखळत नाहीत, सुरेख पढतात. घरी आलो तर ओसरीत चटया टाकलेल्या, बायको, सून आणि नात आपापली नमाज पढून बसल्या होत्या. बायकोनं विचारलं, "सूरे विसरायला नकोत, उद्या दुपारी एकदा म्हणून दाखवा." मी म्हणून दाखवले. तब्बतमध्ये एक टक आलीच.

त्या वर्षीही ईद आणि आखाजी एका दिवशी होती, 3 मेला. दूध आलं, आणि या खेपेला किटली घेऊन तो स्वतः आला. ओसरीत बसला, दोन वाट्या शीरखुर्मा प्याला आणि जाताना विचारलं, "भाई, पुढल्या साली रमजान कवा?"

मी म्हटलं, "24 मार्च. चांद दिसला तर."

त्यानं बोटं मोजली. "म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या हप्त्यात लावा लागते. थंडी राहीन बाप्पा, उगवण धरते का नाही?"