घर कुठे घ्यायचे? डबक चाळ ते राजगृह

मागच्या महिन्यात हिंगोलीहून एका भावाचा फोन आला. "जय भीम ताई, पुण्याला बदली झालीय. पोरगी अकरावीला जाणार, आई सोबत आहे. विश्रांतवाडीकडं आपल्या लोकांत राहू का कोथरूडकडं बघू? इथं जो तो वेगळंच सांगतोय."

काय सांगत असतील ते मला पाठ आहे. एक गट म्हणतो, वस्तीत राहून पोरं बिघडतात, बाहेर पडा. दुसरा म्हणतो, चार पैसे आले की आपले लोक समाज सोडतात, सोसायटीत जाऊन भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत नेतात. दोन्ही बाजूंचे लोक शेवटी बाबासाहेबांचेच नाव घेतात. म्हणून मी त्या भावाकडून दोन दिवस मागून घेतले आणि बाबासाहेब स्वतः कुठे कुठे राहिले, का राहिले, हे पुन्हा एकदा क्रमाने पाहिले. आपण त्यांची भाषणे वाचतो, घरे मात्र ६ डिसेंबरला बाहेरून बघतो आणि पुढे जातो.

सुरुवात सुभेदार रामजींपासून करायला हवी, कारण घर बदलण्याचा पहिला मोठा निर्णय त्यांचा होता. सातारा सोडून १९०४ च्या सुमारास ते कुटुंबासह मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली. एकच खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यास तिथेच. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या खोलीचे वर्णन केले आहे. जागा इतकी कमी की भीमराव संध्याकाळी लवकर झोपत, रामजी मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याच जागेवर स्वतः आडवे होत. एका अंथरुणाच्या दोन पाळ्या होत्या, गिरणीत असतात तशा. मुलगा जात होता एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. ते सरकारी हायस्कूल होते आणि घरापासून लांब होते. म्हणजे रामजींनी शाळेला पहिला मान दिला आणि खोलीची अडचण स्वतःच्या झोपेवर घेतली.

या काळातली एक जागा मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती घर नाही. चर्नी रोडची बाग. खोलीत वाचायला जागा नाही म्हणून भीमराव बागेत वाचत बसत. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या मुलाला हेरले. १९०७ मध्ये मॅट्रिक पास झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९५६ ला जे घडले त्याचा एक धागा बागेतल्या त्या बाकापर्यंत मागे जातो. तेव्हा घर बघताना फक्त चटईक्षेत्र विचारू नका. दोनशे चौरस फुटांच्या खोलीजवळ अभ्यासिका असेल, तर ती खोली पाचशे फुटांची होते.

आता दुसरी बाग. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरी करण्यासाठी बाबासाहेब बडोद्याला गेले. अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून आलेला माणूस, महाराजांच्या सेवेत रुजू व्हायला आलेला, आणि नव्या शहरात पहिला प्रश्न तोच जो त्या हिंगोलीच्या भावाला पडलाय: राहायचे कुठे? हिंदूंची हॉटेले बंद. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून त्यांनी जागा मिळवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राला विचारले, तर नोकर काम सोडून जातील अशी अडचण त्याने सांगितली. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले; ते दोघे मूळचे ब्राह्मण होते. राज्याचा बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. शेवटी कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हा प्रसंग आपण अपमानाची कथा म्हणून सांगतो. ती आहेच. पण त्यात घराबद्दलची एक माहितीही आहे, तिकडे लक्ष जात नाही. बाबासाहेबांकडे नोकरी होती, पगार होता, पदवी होती, वर राजाचा वरदहस्त होता. डोक्यावर छप्पर मात्र दुसऱ्याच्या मर्जीचे होते, आणि तेही नाव लपवून मिळालेले. ज्या दिवशी नाव कळले त्या दिवशी पदवी उपयोगी पडली नाही. नाव लपवून मिळालेल्या जागेचा मुक्काम अकरा दिवसांचा असतो. काहींचा अकरा वर्षांचा असेल, पण अकरावा दिवस उजाडेल ही धास्ती रोज असते. आडनाव गाळून गावाचे नाव लावणाऱ्या, पोरांना "घरी काय खाल्लं ते शाळेत सांगू नको" म्हणणाऱ्या आपल्या किती कुटुंबांना ही धास्ती माहीत आहे ते मी सांगायला नको. मी त्यांना नावे ठेवणार नाही. पुण्यात पहिल्यांदा खोली शोधताना एका घरमालकिणीने आडनाव विचारले तेव्हा मीही क्षणभर अडखळले होते.

बडोद्याला दार बंद झाले, मुंबईला होते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. आज आपण तिला बीआयटी चाळ म्हणतो. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने १८९८ साली हा ट्रस्ट काढला. गरिबांच्या प्रेमापोटी काढला असे समजू नका; रोगाची आणि व्यापार बुडण्याची भीती होती. पण त्याचा एक परिणाम असा झाला की खोलीचा मालक एखादा शेठ किंवा देवस्थान नव्हते, एक सार्वजनिक संस्था होती. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या, तिथेही हेच. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाला मुंबईत जिथे पाय टेकता आला, तिथे बहुतेक वेळा मालक सरकार होते, गिरणी होती, रेल्वे होती किंवा गोदी होती.

परळच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. परदेशातली वर्षे सोडली तर दोन दशके बाबासाहेबांचे कुटुंब तिथे होते. महाड तिथे राहत असताना झाले. गोलमेज परिषदेला गेले ते तिथूनच. कार्यालय जवळच दामोदर हॉलमध्ये. माता रमाईंनी संसार ओढला तो याच खोल्यांत, शेजारणींच्या सोबतीने. मुले दगावली तेव्हा दार वाजवायला माणसे होती. "आपल्या लोकांत राहू" म्हणणाऱ्यांचे म्हणणे इथे खरे आहे, आणि ते हलके घेऊ नये.

मग ते तिथून का गेले? १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले आणि तिथे राहायला गेले. हा भाग त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंगा योजनेतला; रुंद रस्ते, झाडे, शेजारी पारशी कॉलनी. वस्ती उच्चवर्णीय मध्यमवर्गाची. आज एखाद्या कार्यकर्त्याने असे केले तर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे काय होईल याची कल्पना करा.

कारण पुस्तके. हजारो पुस्तके दोन खोल्यांत मावत नव्हती, म्हणून ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवून घर बांधले. पण मला त्याहून मोलाच्या दोन गोष्टी दिसतात. पहिली, घराचे नाव. हिंदू कॉलनीत राहून घराला नाव दिले मगधाच्या राजधानीचे. धर्मांतराला अजून वीसेक वर्षे होती. दुसरी, चाळीशी नाते तुटले नाही. दामोदर हॉल सुटला नाही, माणसे राजगृहावर येत राहिली. रमाईंचे २७ मे १९३५ ला राजगृहातच निधन झाले तेव्हा परळ-नायगावची माणसे लोटली होती. म्हणजे बाबासाहेबांनी पत्ता बदलला, नाव तेच ठेवले आणि दार उघडे ठेवले. आपल्यातले काही लोक पत्ता बदलताना आधी नाव बदलतात. भांडण असलेच तर त्याबद्दल असावे, पिनकोडबद्दल नको.

इथे एक आक्षेप येतो, तो मलाही बरेच दिवस अडवत होता. स्वतः हिंदू कॉलनीत राहणारे बाबासाहेब जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी कशी करतात? १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर वसाहत आयोगाची योजनाच आहे: पडीक सरकारी जमिनीवर अनुसूचित जातींची वेगळी गावे वसवायची आणि केंद्राने त्यासाठी दरवर्षी ५ कोटी रुपये बाजूला ठेवायचे. हा विरोधाभास आहे का?

मला नाही वाटत. गावातला महारवाडा वेगळा होता, पण स्वतंत्र नव्हता. राहायचे बाहेर आणि भाकरीसाठी हात पसरायचा आत. त्यामुळे हक्काची भाषा केली की पाणी, काम, वाट एकाच दिवशी बंद. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्यावर जी कठोर टीका केली तिच्यामागे हा अनुभव होता. स्वतंत्र गाव मागताना आणि दादरला प्लॉट घेताना त्यांचा प्रश्न एकच दिसतो: या जागी माझी भाकरी आणि माझे छप्पर कोणाच्या मर्जीवर आहे? शेजारी कोण हा त्यानंतरचा प्रश्न.

त्या कसोटीवर आपली वस्तीही आपोआप पास होत नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली तेव्हा एका मैदानाच्या दोन बाजूंना राहणारी माणसे एकमेकांसमोर उभी राहिली. त्याच आठवड्यात भागवत जाधव मारले गेले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, ते तर आपल्याच वस्तीत, आपल्याच दारात.

आणि सोसायटीची कथा? मुंबईत सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच जातीच्या नावाने झाली. १९१५ ची गावदेवीची सारस्वत सोसायटी हे देशातले पहिले उदाहरण मानले जाते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोराष्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव आहेत. भाड्याचा फ्लॅट नाही. मात्र संविधान सभेत या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने, सेवा देणारी कोणतीही जागा असा घ्यावा असे स्पष्ट केले होते. मग आडनाव ऐकून "फ्लॅट गेला" म्हणणाऱ्या ब्रोकरचे ऑफिस दुकान नाही तर काय आहे? आपल्या वकील मित्रांनी हा मुद्दा हातात घ्यावा असे मला मनापासून वाटते.

दोन दिवसांनी मी त्या भावाला फोन केला. म्हटले, दादा, विश्रांतवाडी की कोथरूड हे मी ठरवणार नाही. पहिल्या फोनला पूर्ण नाव सांगा, आडनावासकट. जिथून पुन्हा फोन येईल तीच यादी खरी. पोरीच्या कॉलेजला एक बस थेट जाते का आणि जवळ अभ्यासिका आहे का ते बघा. आईंना रविवारी विहारात चालत जाता येतं का ते बघा. त्यांना तिथं जीव लागला नाही तर तुमचं घर चालणार नाही. भाड्यात दोन-तीन वर्षं काढून म्हाडाच्या सोडतीत अर्ज टाकत राहा, राखीव घरं आपल्यासाठीच आहेत आणि तिथं सभासदत्वाला जात विचारणारा कुणी नसतो.

परवा त्यांचा मेसेज आला. नऊ ठिकाणी पूर्ण नाव सांगितले, तीन ठिकाणांहून उलट फोन आला. धानोरीला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. घरमालक मराठा आहेत, सामान चढवायला स्वतः खाली आले म्हणे. पोरीने हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर फोटो लावलाय आणि आई विचारतायत, विहाराकडं जायचा रस्ता रात्री उजेडाचा आहे का.