काचेची फुलदाणी

काचेची फुलदाणी : खुडलेली फुले पाण्यात उभी ठेवण्याचे किंवा नुसते शोभेसाठी मांडण्याचे काचेचे उभट भांडे. गाजलेल्या फुलदाण्यांपैकी कित्येक फुलांसाठी घडवलेल्याच नाहीत. घरासाठी निवड करताना हा भेद आधी ध्यानात घ्यावा.

इ. स. पू. सुमारे 1500 मध्ये ईजिप्तचे कारागीर सळईवरच्या मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळून सुगंधी तेलाच्या छोट्या कुप्या करीत. इ. स. पू. पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर फुंकनळीने काच फुगवण्याची युक्ती सापडली आणि काचेची भांडी स्वस्त झाली. रोमन काळातील सर्वांत नामांकित नमुना म्हणजे पोर्टलंड फुलदाणी. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवून तो कोरत नेल्याने तिच्यावरच्या आकृती उठून दिसतात. 1845 मध्ये ब्रिटिश म्यूझियममध्ये एका दारुड्या प्रेक्षकाने तिचे तुकडे केले. ती सांधून आजही तेथे ठेवलेली आहे.

आगीच्या भीतीने 1291 मध्ये व्हेनिसमधील भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. तेथील नितळ, पातळ काच पुढे युरोपभर गेली. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1670 च्या दशकात काचेत शिसे मिसळले; ही काच जड, चकचकीत आणि पैलू पाडण्यास सोयीची असते.

फुलदाणीला कलाकृतीचा मान मिळाला तो मुख्यतः एमिल गाले (1846–1904) याच्यामुळे. फ्रान्समधील नान्सी येथील हा काचकार वनस्पतींचाही जाणकार होता. रंगीत काचेचे थर आम्लाने खोदून आणि चाकावर कोरून तो पाने, वेली, चतुर उमटवी. अशा फुलदाणीत फुले ठेवणे म्हणजे चित्रावर चित्र टांगण्यासारखे. फ्रान्सच्याच रने लालिक या काचकाराने साच्यांचा वापर करून कमावलेले कसब कारखानदारीत उतरवले. याउलट फिनलंडचा वास्तुकार आल्वार आल्टो याची 1936 सालची लाटांसारख्या कडेची फुलदाणी फुलांसाठीच आहे. तिच्या वळणांत देठ आपापली जागा धरतात, त्यामुळे मोजक्या फुलांनीही भागते.

निवड करताना रंगापेक्षा तोंड आणि तळ पाहावा. निशिगंध, ग्लॅडिओलस यांना उंच, चिंचोळ्या मानेची आणि जड बुडाची फुलदाणी हवी. हलकी असेल तर ती कलंडते. एका गुलाबाला अरुंद गळा पुरे, झेंडू-शेवंतीच्या जुडग्याला पसरट तोंड. पारदर्शक काचेत देठही दिसतात, म्हणून पाण्याखालची पाने काढावीत आणि पाणी वरचेवर बदलावे. नक्षीदार फुलदाणी रिकामीच, उजेडाकडे पाठ करून ठेवावी.

हाताने फुंकलेल्या काचेच्या बुडाशी बहुधा सळई तोडल्याची किंवा ती घासून काढल्याची खूण असते. साच्यातल्या काचेवर जोडाची रेघ आढळू शकते. नुसत्या सहीवर मात्र विसंबू नये. गालेच्या धर्तीचा माल रुमानियात आजच्या काळातही निघाला आहे. त्यावर सहीशेजारी असलेली 'टिप' ही अक्षरे घासून तो जुना म्हणून विकला जातो. लालिकच्या मालावर 1945 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर नावाआधीचे 'आर' अक्षर घालणे बंद झाले.

अरुंद गळ्याची फुलदाणी धुताना थोडे तांदूळ व कोमट पाणी घालून हलवावे. पांढरे डाग व्हिनेगरने जातात. थंड काचेत उकळते पाणी ओतू नये. काच जाड असेल तर आतला-बाहेरचा भाग सारखा तापत नाही आणि तडा जातो.