गळ्यातील ग्रंथी आणि चिमूटभर मीठ

हिमालयात उगम पावणाऱ्या नद्यांच्या पाण्यामुळे कोणकोणते विकार उद्भवतात, याची एक यादी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दिलेली आहे. त्या यादीत गलगंडाचे नाव आहे. गळ्यापुढे वाढणारी ही गाठ आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. इतकेच नव्हे, तर ती सर्वत्र सारखी आढळत नसून विशिष्ट प्रदेशातील लोकांना अधिक होते, हेही त्यांनी हेरले होते. मात्र त्या पाण्यात काय आहे, किंवा काय नाही, हे कळावयास फार मोठा काळ जावा लागला. स्त्रियांच्या शरीरातील हॉर्मोनांचा समतोल बिघडणे आणि तो नैसर्गिक उपायांनी सावरणे, याविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. त्या चर्चेतील 'नैसर्गिक' या शब्दाचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर या एका ग्रंथीचा इतिहास आठवणे उपयोगी पडेल.

आपल्या शरीरातील काही ग्रंथींना नलिका नसते. त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवांना कामाला लावतो. अशा स्रावांना १९०५ साली लंडन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हे नाव दिले. चेतविणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ते घेतलेले आहे, आणि मराठीतील 'संप्रेरक' हा शब्द त्याच अर्थाचा आहे. गळ्याच्या पुढील बाजूस, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची जी ग्रंथी असते, ती थायरॉइड अथवा अवटु ग्रंथी. शरीराचा व्यापार किती वेगाने चालावा, हे बऱ्याच अंशी तिच्या स्रावावर अवलंबून असते. स्राव कमी पडला की थकवा येतो, थंडी सोसवत नाही, अंग जड होते, केस गळतात, आवाज घोगरा होतो. स्त्रीच्या बाबतीत एवढ्यावरच भागत नाही. मासिक पाळी अनियमित होते, रक्तस्राव अधिक होऊ लागतो, गर्भ राहावयास किंवा टिकावयास अडचण पडते. या ग्रंथीचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतात, आणि म्हणूनच त्यांचा इतिहास हा मुख्यतः स्त्रियांच्या दुखण्याचा इतिहास आहे.

सन १८७३ मध्ये लंडनमधील नामांकित वैद्य सर विल्यम गल यांनी एका वैद्यकीय सभेपुढे एक निबंध वाचला. प्रौढ वयातील काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर सूज येते, जीभ जाड होते, बोलणे संथ होते आणि पूर्वीची चपळ बुद्धी मंदावते, असे त्यांनी त्यात नमूद केले. कारण मात्र त्यांना सांगता आले नाही. पुढे १८७७ साली विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेस 'मिक्सिडीमा' हे नाव दिले. नाव मिळाले, तरी उपाय मिळाला नव्हता. अशा स्त्रीला आळशी ठरविणे सोपे होते. तिचे दुःख मनाचे आहे किंवा वयाचे आहे, असे म्हणून मोकळे होणे त्याहूनही सोपे होते.

कारणाचा धागा अनपेक्षित ठिकाणी हाती लागला. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. सगळी ग्रंथी काढून टाकलेल्या आपल्या रुग्णांची त्यांनी काही वर्षांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांतील बहुतेकांची शक्ती व बुद्धी क्षीण झालेली त्यांना दिसली. हा अनुभव त्यांनी १८८३ साली जाहीरपणे मांडला आणि संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत सोडून दिली. स्वतःच्या हातून झालेल्या अपायाची अशी प्रांजळ कबुली वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. या ग्रंथीवरील कार्याबद्दल पुढे १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गल यांच्या रुग्ण स्त्रिया आणि कोखर यांचे रुग्ण एकाच अभावाचे बळी आहेत, असा निर्वाळा लंडनमध्ये नेमलेल्या समितीने १८८८ साली दिला.

अभाव कळला, तर भरपाईही सुचते. न्यूकॅसल येथील तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून तो ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. थोड्याच महिन्यांत तिची सूज ओसरली, बोलणे स्पष्ट झाले आणि ती पुन्हा घरकाम करू लागली. पुढे हे औषध पोटात घेण्याची सोय झाली. ती स्त्री आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ साली, ७४ व्या वर्षी निवर्तली. एवढ्या काळात तिच्यासाठी ८०० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी या स्रावातील मुख्य द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. त्याला पुढे थायरॉक्सिन असे नाव पडले. १९२७ साली ब्रिटनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज असंख्य स्त्रिया जी लहानशी गोळी रोज सकाळी घेतात, तिच्यातील द्रव्य त्यांच्याच ग्रंथीने निर्माण केले असते त्याहून निराळे नसते.

आता या कथेचा दुसरा प्रवाह पाहू. थायरॉक्सिन घडविण्यासाठी ग्रंथीला आयोडीन लागते. समुद्रातील वनस्पतींच्या राखेत हे मूलद्रव्य १८११ साली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास सापडले. जिनीव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी १८२० मध्ये ते गलगंडावर देऊन पाहिले. गाठी लहान झाल्या. पण मात्रेचा अंदाज नसल्यामुळे अनेकांना अपायही झाला आणि औषध बदनाम झाले. थोडे आवश्यक असलेले द्रव्य अधिक घेतल्याने अधिक उपयोगी पडते असे नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे. पुढे १९१७ पासून अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात डेव्हिड मरीन व ऑलिव्हर किंबॉल यांनी शाळकरी मुलींवर काळजीपूर्वक प्रयोग केला. अल्प आयोडीन घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी केवळ ५ जणींच्या ग्रंथी वाढल्या. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींच्या वाढल्या. त्यानंतर थोड्याच काळात, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मिठातून आयोडीन देण्यास प्रारंभ झाला.

हे आयोडीन हिमालयात का नसावे? पर्वतावरील हिम आणि पाऊस हजारो वर्षे माती धूत असतात. मातीतील आयोडीन नद्यांच्या पाण्याबरोबर समुद्रास मिळते, आणि समुद्राकडून वाऱ्यापावसाच्या वाटेने फारच थोडे परत येते. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरील मासळीत ते असते, आणि डोंगरातील धान्यात, भाजीत व पाण्यात ते नसते. सुश्रुताच्या ग्रंथात ज्या नद्यांवर ठपका ठेवला आहे, त्यांच्या पाण्यात विष नव्हते, उणीव होती. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी चित्रळ व गिलगिट भागांत गलगंडाचा कसून अभ्यास केला. परंतु त्यांचाही भर पाण्यातील दूषितपणावरच होता.

भारतातील निर्णायक प्रयोग कांगडा खोऱ्यात झाला. हे खोरे आज हिमाचल प्रदेशात आहे. त्या वेळी ते पंजाबात होते. तेथे दर दहा माणसांत जवळजवळ चौघांना गलगंड होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली एक लाखाहून अधिक वस्तीच्या या प्रदेशाचे तीन विभाग पाडले. एका विभागास पोटॅशियम आयोडाइड घातलेले मीठ मिळू लागले, दुसऱ्यास पोटॅशियम आयोडेट घातलेले, आणि तिसऱ्यास साधे. सहा वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा आयोडीनयुक्त मिठाच्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले होते. साध्या मिठाच्या विभागात ते होते तसेच होते. त्यानंतर त्या तिसऱ्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथेही रोग उतरणीस लागला. या संशोधनाचा जो अहवाल १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही नावे पाहून मराठी माणसास समाधान वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु येथे क्षणभर थांबले पाहिजे. तुलनेसाठी साधेच मीठ खात राहिलेल्या त्या तिसऱ्या विभागातही माता होत्या. गर्भारपणात स्त्रीची आयोडीनची गरज वाढते, आणि पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची घडण आईच्याच थायरॉक्सिनवर होत असते. आयोडीनची तीव्र उणीव असेल, तर मूल मतिमंद किंवा मुके-बहिरे जन्मास येऊ शकते. गळ्यावरची गाठ ही या रोगाची केवळ दिसणारी बाजू होय. त्याची खरी किंमत पाळण्यात मोजावी लागत असे, आणि पुष्कळदा तिचा दोष आईच्या पदरी पडत असे. आपल्या ताटातील मीठ आज ज्या विश्वासाने आपण वाढून घेतो, त्या विश्वासामागे कांगड्यातील त्या कुटुंबांचे ऋण आहे.

राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. तरीही आयोडीनयुक्त मिठाचे उत्पादन दीर्घकाळ अपुरे राहिले. उणीव केवळ हिमालयाच्या पायथ्याशी नसून देशाच्या इतर भागांतही आहे, असे पुढील पाहण्यांतून दिसून आले, आणि १९८० च्या दशकात सर्वच खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले. आयोडीनविरहित मीठ थेट खाण्यासाठी विकण्यावर २००६ पासून देशभर बंदी आहे. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज एका ग्रॅमच्या लाखाव्या भागाच्या पंधरापट, म्हणजे १५० मायक्रोग्रॅम एवढीच, गर्भवतीची २५०. सबंध आयुष्याला लागणारे आयोडीन एका लहान चमच्यात मावेल.

ही कथा येथे संपली असती, तर मीठ बदलले की स्त्रीचे सारे दुखणे गेले, असा समज झाला असता. परंतु ज्या १९५६ साली कांगड्यात मिठाचा प्रयोग आरंभला, त्याच साली लंडनमध्ये आयव्हन रॉइट आणि डेबोरा डोनिॲक यांनी निराळाच शोध लावला. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने १९१२ साली चार मध्यमवयीन स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींत एक विशिष्ट बदल वर्णिला होता. अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध लढणारी प्रतिद्रव्ये असतात, असे लंडनच्या या शोधात दिसून आले. घरचाच पहारेकरी घरावर उलटावा, तसा हा प्रकार. येथे आयोडीनची उणीव नसते, आणि ते वाढवून दिल्यास विकार बळावण्याचाही संभव असतो. उपाय एकच, तो म्हणजे कमी पडलेले थायरॉक्सिन नेमक्या मात्रेत देणे. पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या प्रदेशांत थायरॉइड मंदावण्याचे प्रमुख कारण आज हेच आहे.

तेव्हा नैसर्गिक उपाय म्हणजे काय? मातीतून वाहून गेलेले द्रव्य मिठातून परत देणे हा उपाय निसर्गाला धरूनच आहे. आणि ग्रंथीने हात टेकल्यावर तिचेच द्रव्य गोळीच्या रूपाने पुरविणे हेही निसर्गाच्या विरुद्ध नाही. उलट, निसर्गतः मिळते एवढ्याच कारणाने कोणतीही वस्तू गुणकारी ठरत नाही. कांगड्यातील साधे मीठ आणि स्वच्छ झऱ्याचे पाणी पूर्णपणे नैसर्गिकच होते. उपवासाचे सैंधव किंवा हल्ली लोकप्रिय झालेले गुलाबी खनिज मीठ दिसावयास कितीही शुद्ध असले, तरी त्यात मुद्दाम आयोडीन मिसळले नसेल तर ते ही गरज भागवीत नाही. म्हणून रोजचे मीठ आयोडीनयुक्त असावे, ते झाकण लावलेल्या बरणीत, ओल व चुलीची धग यांपासून दूर ठेवावे, आणि आयोडीन मिळावे म्हणून ते अधिक खाऊ नये. समुद्रशेवाळाची चूर्णे वा आयोडीनची औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये. गर्भारपणात तर मुळीच नाही, कारण त्या काळात तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या घरांतील आहे. गल यांच्या काळी रक्तातील स्राव मोजण्याचे साधन नव्हते. आज ते तालुक्याच्या गावीही बहुधा उपलब्ध असते. तरीही घरातील एखादी स्त्री थकल्याचे सांगते, पाळीची तक्रार करते, थंडी सोसवत नाही म्हणते, तेव्हा "तुझे वयच झाले" किंवा "मनाला लावून घेऊ नकोस" हीच उत्तरे पुष्कळदा तिला मिळतात. गेल्या दीडशे वर्षांतील या संशोधनाला तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवूनच सुरुवात झाली होती. तिचे म्हणणे ऐकून घेणे आणि वेळीच रक्ताची तपासणी करवून घेणे, एवढे तरी आपण करू शकतो.